बर्फावर जाणाऱ्या नवऱ्यासाठी, रत्नागिरीतून

माझा नवरा दर फेब्रुवारीत गुलमर्गला स्की करायला जातो. वाढदिवस त्याच सुमारास, त्यामुळे भेटही बर्फाचीच. पहिल्यांदा मी दुकानातलं सगळ्यात देखणं जॅकेट आणलं होतं. तीन पावसाळे कपाटात काढल्यावर ते आतून चिकट झालं आणि त्याचे पापुद्रे सुटायला लागले. मला फार वाईट वाटलं. पाणी आत शिरू नये म्हणून अशा कापडाला बऱ्याचदा आतून पॉलियुरेथेनचा थर देतात. हवेतली वाफ त्या थराच्या रेणूंच्या लांब साखळ्या हळूहळू तोडत जाते. न वापरता ठेवलेल्या बुटांच्या तळव्यांचा भुगा होतो, तोही बऱ्याचदा याच कारणाने.

तेव्हापासून मी दोन जागांचा विचार करते. वस्तू डोंगरावर आठ दिवस असते आणि आमच्या कपाटात उरलेलं वर्षभर.

डोंगरावर सगळ्यात आधी जपायचे ते डोळे. भर दुपारी गणपतीपुळ्याच्या वाळूवर डोळे उघडवत नाहीत, पण ती कोरडी वाळू अतिनील किरणांपैकी साधारण १५ टक्केच परत फेकते. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत फेकतो. शिवाय दर १,००० मीटर उंचीला हे किरण सुमारे १० टक्क्यांनी वाढतात, आणि गुलमर्गची गोंडोला, म्हणजे तारेवरून जाणारा पाळणा, जवळजवळ ४,००० मीटरपर्यंत नेते. टोपीची झापड वरून येणारं ऊन अडवते, खालून येणारं नाही. डोळ्याचा पारदर्शक पडदा भाजला तरी लगेच कळत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी सल सुरू होते. ही हिमांधता. म्हणून माझी पहिली पसंती चांगल्या गॉगलला, आणि तोही दोन काचांच्या जोडीचा. कडक उन्हासाठी ८ ते १८ टक्के प्रकाश आत सोडणारी गडद काच, जिच्यावर ३ हा वर्ग लिहिलेला असतो. ढगाळ दिवसासाठी फिकट पिवळी किंवा गुलाबी. ढगांत बर्फावर सावल्याच पडत नाहीत, उंचवटा आणि खड्डा सारखेच दिसतात, तेव्हा गडद काच घातकच.

प्रत्येक काच दुपदरी हवी. फ्रीजमधल्या ताकाच्या तांब्यावर बाहेरून पाणी जमतं, तशीच थंड काचेवर श्वासाची वाफ जमते. दोन पदरांमधली हवा आतल्या पदराला बाहेरच्या थंडीपासून तोडते, म्हणून तो फार गार पडत नाही. आतून वाफ न धरणारा लेपही असतो. मी एकदा प्रेमाने गॉगल आतून लख्ख पुसून ठेवला, तर नवरा कळवळून म्हणाला, "अगं, आतून घासू नकोस!" ओला लेप घासला की निघून जातो.

आता कपाट. स्कीच्या फळीला दोन्ही बाजूंनी पोलादी कड असते. कडक बर्फात तीच रुतून वळण घेते. पावसाळ्यात आपली विळी गंजते तशी तीही गंजते. मिठाची बरणी जूनमध्ये पाझरते ना? हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की मिठाचा कण पाणी ओढून स्वतःच विरघळतो. खाऱ्या वाऱ्यासोबत असे बारीक कण कडेवर बसतात, त्यांचं खारं पाणी होतं आणि त्यातून गंजाची रासायनिक क्रिया झपाट्याने चालते.

त्यावर उपाय म्हणून भेट द्यावी ती मेणाची वडी. दिसायला काहीच नाही, पण मला ती सगळ्यात शहाणी भेट वाटते. स्की घसरते ती मुख्यतः घर्षणाच्या उष्णतेने तयार होणाऱ्या पाण्याच्या पातळ थरावर. १९३९ साली बाउडेन आणि ह्यूज या शास्त्रज्ञांनी हे प्रयोगांतून मांडलं. हा थर कमी पडला तर फळी अडते, जास्त झाला तर पाणी तिला चिकटवून धरतं. म्हणून फळीच्या तळाला फार थंड बर्फासाठी कडक मेण लावतात, ओलसर बर्फासाठी मऊ. आणि हेच मेण मोसम संपल्यावर तळावर आणि कडांवर जाड थापून तसंच ठेवलं की खारी हवा पोलादापर्यंत पोचत नाही.

अंगालगत घालायला मेरिनो लोकरीचा बनियन द्यावा. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओलावा धाग्यात मुरवते, तरी अंगाला ओली लागत नाही. सुती बनियन घामाने भिजला की अंगातली ऊब ओढून घेतो. फक्त लोकर ठेवताना कसरीपासून जपा.

बूट मात्र अचानक आणून देऊ नयेत, ते पायात घालूनच घ्यायचे. हेल्मेटही डोक्यावर बसवून आणि नवंच घ्यावं; आतला फोम एकदा जोराच्या आपटण्याने चेपला की पुन्हा फुगत नाही.

यंदा मी वडीसोबत मेण लावायची छोटी इस्त्रीही घेतली. मार्चमध्ये तो परतला की पडवीत दोन बाकांवर फळी आडवी टाकू. कडा कोरड्या फडक्याने पुसायचं काम माझं, इस्त्री त्याची.