मेहनत (बेळगाव सीमाभागातील तालमींची)

कुस्तीसाठी ताकद, दम व मांस कमावण्याची तालमीतील पद्धती. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी व अथणी भागांतील मराठी वस्तीत तालीम आणि कन्नड वस्तीत गरडी मने, दोन्हींकडे जोर, बैठका, सपाटे, जोडी (मुद्गल), गदा व हौद्यातील (आखाड्याच्या मातीतील) लढत हाच क्रम आढळतो. मात्र ओझे उचलण्याची आवड कन्नड गावांत अधिक टिकली. जत्रांत गोल दगड आणि पोती उचलण्याच्या शर्यती तिकडे अजून लागतात.

उगमाविषयी मतभेद आहेत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कार. 1126–38) याच्या नावावरील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात (सु. 1130) मल्लविनोदाचे प्रकरण आहे. त्यात मल्लांचे ज्येष्ठिक, अंतरज्येष्ठिक व गोवल असे वर्ग केले असून भारश्रम (ओझे), भ्रमणश्रम (चाल), सलिलश्रम (पोहणे), बाहुपेल्लणकश्रम (हातांची झुंज) व स्तंभश्रम हे व्यायाम दिले आहेत. स्तंभश्रमात मल्लखांबाचे मूळ पाहण्याची प्रथा आहे. सध्याचा बेळगाव जिल्हा त्या काळी बव्हंशी चालुक्यांचे मांडलिक सौंदत्तीचे रट्ट आणि गोवे-हलशीचे कदंब यांच्याकडे होता, म्हणून काही अभ्यासक येथील मेहनत थेट या परंपरेशी जोडतात. दुसरे मत इराणी झूरखान्याचे (पारंपरिक व्यायामशाळेचे). तेथील मील म्हणजे जोडी आणि शना म्हणजे जोर, हे साम्य नजरेत भरणारे आहे. बेळगावचा किल्ला 1473 मध्ये बहमनी वजीर महमूद गावानने बहमनी राज्यासाठी घेतला व पुढे तो आदिलशाहीत गेला. या दरबारांचा इराणशी निकट संबंध होता. तिसरा पुरावा ‘मल्लपुराण’ हा गुजरातेतील मोढेऱ्याच्या ज्येष्ठीमल्लांशी (मल्लविद्या हाच व्यवसाय असलेल्या जातीशी) निगडित ग्रंथ. त्याचा काळ तेराव्यापासून सतराव्या शतकापर्यंत कोठेही मानला जातो. ओझे व स्तंभ यांची परंपरा देशी, तर जोडी-जोरांच्या सध्याच्या घडणीवर इराणी छाप, असे मिश्र मत अधिक पटण्याजोगे वाटते.

हौदा. तांबडी माती चाळून तीत ताक, तेल, हळद, लिंबू व कापूर मिसळतात. खानापूर व बेळगावच्या पश्चिमेस जांभ्याची तांबडी माती हाताशी असते. अथणीकडील काळी माती ओली असता चिकटते व वाळली की भेगाळते, म्हणून तिकडे तांबडी माती बाहेरून आणावी लागते. रोज फावड्याने हौदा खणणे हा पाठ व मांड्यांचा व्यायामच आहे. पश्चिमेकडील पावसाळ्यात माती दमट राहून गजकर्ण पसरते. लंगोट रोज धुऊन वाळवणे व लढतीनंतर लगेच अंघोळ हा त्यावरचा साधा उपाय.

मात्रा. तालमीत मोठेपण आकड्याला असते: पाचशे बैठका, हजार बैठका. यातून दम वाढतो, पण एका दमात तिसाच्या पुढे सहज जाणारी बैठक कमाल ताकदीत फारशी भर घालत नाही. त्यासाठी ओझे वाढवावे लागते. नवख्याने जोर व बैठका प्रत्येकी 15–20 चे तीन फेरे करावेत. एका फेऱ्यात 25 स्वच्छ निघू लागल्या की खांद्यावर 10 किलो वाळूचे पोते घ्यावे आणि आठ-दहाच बैठका माराव्यात. मग पोत्यात दर आठवड्याला दोन-अडीच किलो वाळू वाढवावी. पाठ वाकू लागली तर त्या आठवड्यात वाढ थांबवावी. निव्वळ ताकदीसाठी चार-पाच वेळाच निघेल असे ओझे, चार फेरे, मध्ये तीन मिनिटे विश्रांती. असे जड दिवस आठवड्यातून दोन पुरेत, मध्ये किमान 48 तास. मधल्या दिवशी डावांचा सराव करावा, तोही झेपेल इतकाच.

सुट्टीनंतर परतलेल्या पठ्ठ्याकडून पहिल्याच दिवशी शेकडो बैठका मारून घेण्याची रीत घातक आहे. स्नायू फुटून त्यांतील द्रव्य रक्तात उतरते व मूत्रपिंडावर ताण येतो. लघवी काळ्या चहासारखी गडद झाली, मांड्या सुजल्या, तर तेल चोळत न बसता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. साधे ठणकणे मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते व आपोआप ओसरते.

खुराक. मांस धरण्यासाठी दिवसाला वजनाच्या प्रतिकिलो सुमारे 1.6 ग्रॅम प्रथिन लागते. 70 किलोच्या मल्लाला 112 ग्रॅम. म्हशीचे लिटरभर दूध (सु. 37), दीडशे ग्रॅम डाळ किंवा उसळीचे कडधान्य (सु. 34), तीनशे ग्रॅम जोंधळ्याचे पीठ (सु. 30) आणि मूठ-दीड मूठ शेंगदाणे (50 ग्रॅम, सु. 12) यांत ते भागते. खानापूरकडे भाकरीऐवजी भात असतो. तेवढ्याच तांदळात प्रथिन कमी, तेव्हा डाळ वाढवावी. बदामाची थंडाई उत्तम, पण तिचा मोठा भाग स्निग्धांशाचा. मेहनतीआधी घेतली तर पोटात जड बसते. तुपाने वजन वाढते, पण त्यात प्रथिन जवळपास नसतेच.

विश्रांती. पहाटे चारला उठणाऱ्याने रात्री साडेआठला अंथरूण धरले तरच साडेसात तास झोप होते. जत्रांच्या हंगामात, बेळगावच्या आनंदवाडी आखाड्यासारख्या मैदानांवर लढती सुरू असताना, ही झोप आधी जाते आणि ताकदही पाठोपाठ उतरते. मालिशाने ठणका हलका वाटतो, एवढाच तिचा गुण. मांस तिने वाढत नाही. मैदानाच्या आधीच्या आठवड्यात फेरे निम्मे करावेत, ओझे तेच ठेवावे.

मॅटवरील कुस्तीमुळे शहरी तालमींत लोखंडी वजने आली आहेत. वाकून ओझे उचलण्याची कसरत तेथे वस्तादांच्या देखरेखीविना करू नये.