किर्लोस्करवाडीचा नांगर आणि किर्लोस्करांचा ट्रॅक्टर

सांगली जिल्ह्यातल्या पलूस-कुंडल पट्ट्यात किर्लोस्करवाडीची गोष्ट कुणाला नव्याने सांगावी लागत नाही. बेळगावचं सायकलचं दुकान, औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेला माळ, १९१० साली उभा राहिलेला कारखाना, हे सगळ्यांना पाठ आहे. तरीही दर दोन-चार महिन्यांनी कुठेतरी छापून येतंच की वाडीत पूर्वी ट्रॅक्टर बनायचे. ते साफ चूक आहे.

वाडीत बनला तो बैलांनी ओढायचा लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते अशी भीती तेव्हा शेतकऱ्यांच्या मनात होती आणि ती काढायला कारखाना काढणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना फार झगडावं लागलं. या नांगराला स्वतःची ताकद नाही, ती बैलांची. कारखान्याचं कसब होतं ओतकामात: साच्यात बीड, म्हणजे वितळलेलं ओतीव लोखंड, ओतायचं, फाळ झिजला तर तसाच दुसरा बसेल इतकं माप सांभाळायचं. कडबा कापायचं यंत्र आणि उसाचा चरकही याच कसबातून आले. पुढे १९२६ च्या सुमारास सेंट्रिफ्यूगल पंप, म्हणजे आतला पंखा फिरवून पाणी उचलणारा पंप, आला. पंपाचं कवच आणि आतला पंखा हेही मुळात ओतकामच. म्हणून वाडीच्या नांगराचा खरा वारस शोधायचा तर तो विहिरीवरचा पंप आहे.

ट्रॅक्टरची वंशावळ वेगळी आहे. त्याला आधी इंजिन लागतं, मग गिअरबॉक्स, मग अवजार उचलणारं हायड्रॉलिक. किर्लोस्करांचं डिझेल इंजिनाचं घर पुण्यात, १९४६ ची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स. ट्रॅक्टर आला तो त्यानंतर, सत्तरच्या दशकात, जर्मनीच्या डॉइट्झ कंपनीच्या तंत्रज्ञानावर. त्यासाठी किर्लोस्कर ट्रॅक्टर्स ही स्वतंत्र कंपनी होती आणि तिचा कारखाना नाशिकला. मुळात भारतात ट्रॅक्टर बनू लागला तोच १९५९ साली, आयशरने फरिदाबादला काढला तेव्हा. म्हणजे १९१० च्या वाडीत ट्रॅक्टर असणं शक्यच नव्हतं.

घोटाळा होतो तो पंपसेटमुळे, असं माझं ठाम मत आहे. एकाच विहिरीवर पुण्याचं इंजिन आणि वाडीचा पंप पट्ट्याने जोडलेले, आणि दोन्हींवर नाव किर्लोस्कर. बघणाऱ्याला वाटतं, जिथे पंप तिथेच इंजिन, आणि जिथे इंजिन तिथेच ट्रॅक्टर. त्यात ‘किर्लोस्कर कंपनी’ असं मोघम लिहायची सवय. ती मला अजिबात खपत नाही. वाडीच्या कारखान्याची किर्लोस्कर ब्रदर्स, किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि किर्लोस्कर ट्रॅक्टर्स या तीन निरनिराळ्या कंपन्या. लिहिताना पूर्ण नाव लिहावं.

औंध सातारा जिल्ह्यात आणि वाडी सांगलीत कशी, असंही विचारतात. तेव्हा दोन्ही औंध संस्थानात होती. जिल्ह्यांच्या आजच्या हद्दी नंतर पडल्या.

जुन्या घरांच्या परड्यात अजून एखादा गंजलेला नांगर दिसतो. त्याला ‘किर्लोस्करच्या ट्रॅक्टरचा नांगर’ म्हणू नका. ट्रॅक्टरमागचा पलटी नांगर वेगळा, त्याला तीन बिंदूंची जोडणी असते, म्हणजे तो ट्रॅक्टरला तीन ठिकाणी जोडतात. या नांगराला मागे धरायची मूठ आहे आणि पुढे बैलांचं जू.