निवासी डॉक्टरांचे पर्यवेक्षण आणि मार्गदर्शन

एमडी, एमएस हे तीन वर्षांचे पदव्युत्तर अभ्यासक्रम शिकणाऱ्या निवासी डॉक्टरांच्या कामावर वरिष्ठांनी ठेवायची देखरेख. मुंबईत केईएम, सायन, नायर ही महापालिकेची आणि जे. जे. हे सरकारी रुग्णालय या शिक्षणाची मोठी केंद्रे. पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, नियमावली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची (२०२३).

कागदोपत्री जबाबदारी गाइडची (प्रबंधाच्या मार्गदर्शक प्राध्यापकाची) असते: प्रबंधाचा विषय, नैतिकता समितीची मंजुरी, लॉगबुकवर (केलेल्या कामाच्या नोंदवहीवर) सह्या. पण इमर्जन्सीच्या रात्री पहिल्या वर्षाच्या डॉक्टरला खरे शिकवतो तो एक-दोन वर्षे पुढचा निवासी डॉक्टर, म्हणजे रजिस्ट्रार, आणि त्याला शिकवायचे कसे हे सहसा कोणी शिकवलेले नसते.

कोणतीही प्रक्रिया चार पायऱ्यांनी हाती दिली जाते: पाहणे, मदत करणे, वरिष्ठासमोर करणे, एकट्याने करणे. पाठीतून पाणी काढताना (लंबर पंक्चर) वरिष्ठाने स्वतः हातमोजे घालून शेजारी उभे राहावे. सुई टोचण्याआधी रुग्णाची स्थिती तपासावी. गुडघे पोटाशी, पाठ पलंगाच्या कडेला, दोन्ही खांदे एकावर एक सरळ रेषेत. नवशिक्याची सुई चुकते ती बहुधा रुग्ण किंचित पुढे कलंडल्यामुळे. मग तो सुईच फिरवत बसतो. दोन प्रयत्न फसले की सुई वरिष्ठाने घ्यावी, हे आधीच ठरलेले बरे. काय चुकले ते त्याच दिवशी, रुग्णापासून दूर सांगावे. राउंडवर सर्वांदेखत झापल्याने डॉक्टर एवढेच शिकतो की वरिष्ठांना फोन करू नये.

आणि सर्वाधिक घोटाळे वेळेवर फोन न केल्यानेच होतात. ‘गरज पडली तर कळव’ ही सूचना निरुपयोगी आहे. गरज ओळखता येणे हेच तर अनुभवाचे काम. त्यापेक्षा वॉर्डात स्पष्ट यादी लावावी: वरचा रक्तदाब ९०च्या खाली, शुद्ध हरपत चालली, लघवी कमी झाली, नातेवाईक रुग्णाला घेऊन जायचे म्हणतात. यातले काहीही झाले की रात्री तीनलाही फोन.

लॉगबुक सत्राअखेर एकगठ्ठा भरले जाते, ही जुनीच रड. तीन महिन्यांच्या जिल्हा निवासी कार्यक्रमात, म्हणजे जिल्हा रुग्णालयातल्या नेमणुकीत, गाइड जवळ नसतो. तिथल्या नोंदींवर तिथल्याच तज्ज्ञाची सही निघण्यापूर्वी घ्यावी. मेंटॉर, म्हणजे अडचणी ऐकून घेणारा वरिष्ठ, मात्र गाइडपेक्षा वेगळा असावा. प्रबंधावर जो सही करणार, त्याच्यापाशी झोप, रजा किंवा रॅगिंगची तक्रार सहसा कोणी काढत नाही.