कुरूप की चामखीळ? तळव्यावरच्या ‘मुळा’ची गोष्ट

चालताना चपलेत खडा गेल्यासारखं टोचतं. थांबून चप्पल झटकावी तर खडा नसतोच. पाय उलटा करून पाहिला की तळव्यावर शर्टाच्या बटणापेक्षा लहान, टणक, पिवळसर गाठ दिसते. कुरूप झालंय, असं म्हणून आपण मोकळे होतो आणि औषधाच्या दुकानातून पट्टी आणून चिकटवतो. बऱ्याचदा ते खरंच कुरूप असतं. पण तितक्याच सहजपणे ती चामखीळही असू शकते, आणि मग महिनोन् महिने चुकीचा उपचार चालू राहतो.

चामखीळ म्हटलं की मानेवर लोंबणारी मऊ गाठ डोळ्यांसमोर येते. तिचा इथे संबंध नाही. तळव्यावरची चामखीळ विषाणूमुळे होते आणि अंगाचा भार सतत वरून पडत असल्यामुळे आत दाबली जाते. म्हणून ती सपाट, कडक, अगदी कुरुपासारखी दिसते.

कुरूप म्हणजे त्वचेने स्वतःचा केलेला बचाव. एकाच जागी दाब आणि घासणं चालू राहिलं की तिथे केराटिनचे, म्हणजे त्वचेतल्या कडक प्रथिनाचे थर चढत जातात. दाब पसरलेला असेल तर नुसता घट्टा पडतो. तो एका बिंदूवर एकवटला तर थरांचा कडक शंकू तयार होतो आणि त्याचं टोक आत रुततं. बोटाच्या वाकलेल्या सांध्यावर, करंगळीच्या बाहेरच्या कडेला, चवड्याखाली, अशा ठरलेल्या जागा. दोन बोटांच्या बेचक्यात घामामुळे ते मऊ आणि पांढरं राहतं, म्हणून तिथलं कुरूप पुष्कळदा बुरशी समजलं जातं.

चामखिळीला दाबाची गरज नसते. एचपीव्ही नावाचा विषाणू भिजून मऊ पडलेल्या त्वचेच्या बारीक चिरेतून आत शिरतो. पोहण्याच्या तलावाचा काठ, अनेकांच्या वापरातलं न्हाणीघर या त्याच्या सोयीच्या जागा. गाठ दिसेपर्यंत काही आठवडे, कधी काही महिने जातात, त्यामुळे कुठून आली ते सहसा कळत नाही.

ओळखायचं कसं? चांगल्या उजेडात तळव्यावरच्या रेषा पाहा. कुरुपावर त्या सरळ पुढे गेलेल्या दिसतात. चामखिळीपाशी येऊन त्या बाजूने वळसा घेतात. मग गाठ वरून दाबा आणि नंतर दोन बोटांच्या चिमटीत धरा. वरून दाबल्यावर कळ आली तर बहुधा कुरूप, चिमटीत जास्त दुखलं तर बहुधा चामखीळ. ‘बहुधा’ म्हणतोय, कारण खात्री होते ती पोडियाट्रिस्टच्या, म्हणजे पायाच्या तज्ज्ञाच्या खुर्चीत. तो ब्लेड जवळजवळ आडवं धरून कागदासारखे पातळ पापुद्रे काढत जातो. खाली काचेसारखा पिवळट, रक्त न येणारा गाभा दिसला तर कुरूप. काळे ठिपके दिसले आणि टाचणी टोचल्यासारखे रक्ताचे बिंदू उमटले तर चामखीळ. ते काळे ठिपके म्हणजे रक्त गोठलेल्या केशवाहिन्या. लोक त्यांनाच ‘मूळ’ म्हणतात आणि घरी ब्लेडने उकरायला बसतात. कृपा करून असं करू नका. कुरूप काय, चामखीळ काय, दोन्ही त्वचेच्या वरच्या थरातच असतात. मूळ कुणालाच नसतं. कुरूप परत येतं कारण दाब तसाच राहिलेला असतो, आणि चामखीळ परत येते कारण आजूबाजूच्या त्वचेत विषाणू राहिलेला असतो.

उपचारांची वाट इथेच फुटते. कुरूप खरवडून गाभा काढला की पाय टेकताक्षणी बरं वाटतं. मृत थराला संवेदना नसते, त्यामुळे सराईत हातात ते फारसं दुखतही नाही. पण खरं काम त्यानंतरचं. कागदावर उभं राहून पावलाची बाह्यरेषा काढा आणि त्यावर आपला बूट ठेवा. बुटाच्या बाहेर रेषा डोकावत असेल तर कुरूप कुठून आलं ते समोरच दिसतं. रुंद पुढाचा बूट, बोटावर सिलिकॉनची टोपी, दाब वाटून घेणारा इनसोल, म्हणजे बुटातला आतला तळ, एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. बोटच वाकडं असेल आणि इतर काहीच लागू पडत नसेल, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो.

चामखिळीला मात्र धीर लागतो. लहान मुलांमध्ये ती बऱ्याचदा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जाते, शरीराची प्रतिकारशक्तीच तिला ओळखून संपवते. दुखत असेल, पसरत असेल तर जाड त्वचेचे थर सोलून काढणारं सॅलिसिलिक ॲसिड लावतात किंवा उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनने गोठवतात. गोठवणं जास्त जालीम वाटतं, पण २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या २४० जणांवरच्या चाचणीत १२ आठवड्यांनी दोन्ही गटांत पूर्ण बरे झालेले जेमतेम १४ टक्के निघाले. म्हणून सुरुवात साध्या, कमी दुखणाऱ्या उपायाने करावी असं माझं मत. कापून काढणं शक्यतो टाळतात, कारण तळव्यावरचा व्रण जन्मभर दुखू शकतो.

कुरुपाच्या बऱ्याच पट्ट्यांमध्येही हेच सॅलिसिलिक ॲसिड असतं. ते दाब कमी करत नाही, उलट शेजारची चांगली त्वचा जाळू शकतं. मधुमेह असलेल्यांनी तर या पट्ट्यांना हातच लावू नये. पायाची संवेदना गेलेली असेल तर भाजलेलं कळत नाही आणि घट्ट्याखाली जखम मुरत राहते. घट्ट्यात काळसर लाल डाग दिसला तर डॉक्टरांना दाखवायला थांबू नका. आणि तळव्यावर पसरणारा काळा डाग किंवा न भरणारी जखम असेल, तर कुरूप की चामखीळ हा खेळ न करता बायोप्सीबद्दल, म्हणजे त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासण्याबद्दल, डॉक्टरांना विचारा.

मधुमेहीच्या पायाला ब्लेड लावण्याआधी चांगला पोडियाट्रिस्ट १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्यावर ठिकठिकाणी टेकवतो. रुग्णाने डोळे मिटून ‘कळलं’ म्हणायचं. ते कळलं नाही तर कुरूप बाजूला राहतं आणि आधी पाय तपासला जातो: नाडी लागते का, रक्त पोचतंय का, कुठे जखम लपली आहे का.