चाचणी वर्गातली, निकाल कोणाचा?

तास संपायला तीन-चार मिनिटं असताना बाई फळ्यावर एकच प्रश्न लिहितात : ०.३५ आणि ०.८, यांतली मोठी संख्या कोणती आणि का? सहावीची मुलं पाव कागदावर उत्तर खरडतात आणि जाता जाता चिठ्ठी टेबलावर ठेवतात. मधल्या सुट्टीत बाई त्यांचे तीन गठ्ठे लावतात. एकात उत्तर आणि कारण दोन्ही बरोबर. दुसऱ्यात उत्तर बरोबर, पण कारणाच्या जागी 'सोपं आहे' किंवा नुसतीच रेघ. तिसऱ्यात '३५ हे ८ पेक्षा मोठे, म्हणून ०.३५'. हा तिसरा गठ्ठा जाड निघाला, तर उद्याची दशांश अपूर्णांकांची बेरीज थांबते आणि दशांश, शतांश पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. चिठ्ठ्यांना गुण नाहीत, त्या कुठल्या नोंदवहीत चढत नाहीत, वर कुठे जात नाहीत.

याला 'एक्झिट स्लिप' म्हणतात. नाव परदेशी असल्यामुळे अनेक शिक्षकांना ती नवी भानगड वाटते, आणि 'आता हे आणखी एक' असा उसासाही ऐकू येतो. तो उसासा समजण्यासारखा आहे. मुंबईतल्या शाळेत तपासणी, चाचणी, नोंद यांची कधीच वाण नव्हती. प्रश्न नेहमी एवढाच राहिला, की मुलाच्या उत्तराचं पुढे काय होतं आणि ते कोणाच्या कामी येतं.

इंग्रजी राज्याच्या आधीच्या पंतोजींच्या शाळेत इयत्ता नव्हत्या. धूळपाटीवर अक्षर गिरवणारा मुलगा आणि पावकी-निमकी म्हणणारा मुलगा एकाच ओसरीवर बसत. ज्याचं जेवढं झालं तिथून त्याचं पुढे. पंतोजींना परीक्षा घ्यावी लागत नसे, कारण रोजच्या परवच्यात कोण कुठे अडखळतो हे कानावरच पडायचं. त्या शाळेचे गोडवे गाण्याचं कारण नाही. छडी होती, घोकंपट्टी होती, बहुतेक जातींना आणि मुलींना दारच बंद होतं. पण मुलाला काय येतं ही माहिती शिकवणाऱ्यापाशीच राहायची, तिला अहवालाचे पाय फुटलेले नव्हते.

ते फुटले एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर शिक्षण खातं आलं, तपासनीस आले. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झालं तेही लंडनच्या धर्तीवर, म्हणजे शिकवणारं नव्हे, परीक्षा घेणारं. १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक झाली, १८६२ मध्ये रानडे आणि भांडारकर पहिल्या पदवीधरांत होते. शाळेने काय शिकवावं हे तेव्हापासून शाळेबाहेरची प्रश्नपत्रिका ठरवू लागली. प्राथमिक शाळांपुरती हीच भूमिका व्हर्नाक्युलर फायनलची. 'फायनल पास' माणसाला मास्तरकी मिळे, त्यामुळे सातवीचा निकाल ही घराण्याची गोष्ट होई.

खरी मेख मात्र अनुदानात होती. इंग्लंडमध्ये १८६२ साली रॉबर्ट लो यांनी निकालावर अनुदान देण्याची पद्धत आणली : तपासनीस शाळेत येणार, एकेका मुलाचं वाचन, लेखन, गणित तपासणार आणि जितकी मुलं पास तितके पैसे शाळेला. लवकरच मुंबई इलाख्यातल्या अनुदानित शाळांनाही ती लागू झाली. डिपोटी साहेब येण्याच्या आधी महिनाभर वर्गात काय चालत असेल, हे सांगायला इतिहासकार लागत नाही. क्रमिक पुस्तकातला धडा मुलांना पाठ असे, पुस्तक उलटं धरलं तरी वाचन अडत नसे, अशा कथा इंग्लंडमध्येही त्या काळी प्रसिद्ध होत्या.

या पद्धतीवर सगळ्यात नेमकं बोट ठेवलं ते जोतीराव फुल्यांनी. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा ही मागणी केली, ती सर्वांना माहीत आहे. त्याच निवेदनात त्यांनी हेही म्हटलं, की निकालावर अनुदानाची पद्धत गरीब आणि अशिक्षित लोकांत शिक्षण पसरवायला मुळीच उपयोगी नाही. ज्यांच्या घरात शिक्षणाची गोडी अजून लागलेली नाही, त्यांच्या वस्तीत स्वतःच्या जबाबदारीवर शाळा काढून कोणता शिक्षक पोट भरू शकेल? मापनाचं साधन आणि पैसा एकत्र बांधले, की ज्या मुलांना शिक्षकाची सर्वाधिक गरज, तीच मुलं शिक्षकाला परवडेनाशी होतात. माझ्या मते पुढच्या सव्वाशे वर्षांत या विषयावर जे लिहिलं गेलं, त्यातलं बरंचसं या एका मुद्द्याचा विस्तार आहे. १९०४ च्या सरकारी शिक्षणविषयक ठरावानंतर ती अनुदान पद्धत मागे पडली, तिची सवय काही गेली नाही.

स्वातंत्र्यानंतर मॅट्रिकची एसएससी झाली. १९४९ मध्ये पहिली एसएससी, १९६६ पासून महाराष्ट्राचं स्वतंत्र मंडळ, १९७५ मध्ये अकरावीऐवजी पहिली दहावी. नावं आणि इयत्ता बदलल्या, मार्चमधला धाक तोच राहिला.

वर्गातल्या मूल्यमापनाची भाषा आपल्याकडे या काळात दोन वाटांनी आली. पहिली वाट बी.एड. कॉलेजांमधून. शैक्षणिक उद्दिष्टांच्या वर्गीकरणासाठी ओळखले जाणारे अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम १९५७-५८ मध्ये परीक्षा सुधारणेसाठी भारतात आले होते. त्यांच्या कार्यशाळांतून निघालेला विचार पाझरत पाझरत आपल्या कॉलेजांत पोचला तो संविधान तक्त्याच्या, म्हणजे प्रश्नपत्रिकेच्या आराखड्याच्या रूपाने : ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य असे रकाने, प्रत्येकाला गुणांचा भार आणि खाली बेरीज शंभर. मुंबईत बी.एड. केलेल्या कुणालाही घटक चाचणी म्हटलं की आधी हा तक्ता आठवतो. मुलांनी ती चाचणी सोडवल्यावर काय दिसलं, हे फारसं कुणाला आठवत नाही. तक्ता सबमिशनसाठी होता, सबमिशन झाल्यावर फाइल बंद.

दुसरी वाट कोठारी आयोगाची. १९६४ ते ६६ या काळात देशाच्या शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या या आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक. १९४८ मध्ये मुंबईत भारतीय शिक्षण संस्था काढणारे ते हेच. आयोगाने पहिली ते चौथी हा इयत्ता नसलेला एक सलग टप्पा मानावा, शिक्षकांनी स्वतः साध्या नैदानिक, म्हणजे मूल कुठे अडतं हे शोधणाऱ्या चाचण्या तयार कराव्यात, असं सुचवलं. आणखी एक शिफारस होती, जी त्या वेळी किरकोळ वाटली असेल : शाळेने दिलेले अंतर्गत गुण आणि मंडळाच्या परीक्षेचे गुण प्रमाणपत्रावर वेगवेगळे दाखवा, एकमेकांत मिसळू नका. ती ऐकली नाही. त्याचे परिणाम पुढे येतातच.

नैदानिक हा शब्द नुसता पुस्तकात न ठेवता कामाला लावल्याचं एक उदाहरण मुंबईतच आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ मध्ये सुरू झालं. त्याचे संस्थापक-संचालक व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महापालिका शाळांतल्या वंचित घरांमधल्या मुलांबरोबर काम करताना त्यांच्या चुका बारकाईने पाहिल्या. विज्ञानात नापास होणाऱ्या अनेक मुलांचं अडतं ते विज्ञानापाशी नाही, पाठ्यपुस्तकाच्या मराठीपाशी, असं त्यांना आढळलं. 'उष्णतेचे संक्रमण' हे दोन शब्द घरात कधीच न ऐकलेल्या मुलाला चहाच्या गरम कपाबद्दल विचारा, तो बरोबर सांगतो. ही चूक शंभरपैकी किती या आकड्यात दिसली नसती. उत्तर वाचावं लागतं.

तिकडे अमेरिकेत १९६७ मध्ये मायकेल स्क्रिव्हन यांनी दोन प्रकारचं मूल्यमापन वेगळं केलं : काम चालू असताना ते सुधारण्यासाठी केलेलं आणि काम संपल्यावर निवाड्यासाठी केलेलं. आपण त्यांना आज आकारिक आणि संकलित म्हणतो. ऐंशीच्या दशकाअखेर पॅट्रिशिया क्रॉस आणि थॉमस अँजेलो यांनी कॉलेजच्या प्राध्यापकांसाठी अशा छोट्या साधनांचा संग्रह केला. 'मिनिट पेपर' त्यातला सर्वांत गाजलेला : आज सर्वांत महत्त्वाचं काय शिकलात आणि कोणता प्रश्न सुटला नाही, एवढं एका मिनिटात लिहा. १९८८ मध्येच रूथ बटलर यांनी इस्रायलमध्ये केलेला प्रयोग शिक्षकांना आजही रुचत नाही. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. सुधारली ती फक्त शेरा मिळालेली मुलं. गुण आणि शेरा दोन्ही दिले, की शेऱ्याचा उपयोग गेलाच. मुलं आकडा बघतात, शेजाऱ्याचा आकडा बघतात आणि वही मिटतात. १९९८ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांनी सुमारे अडीचशे अभ्यास चाळून आकारिक मूल्यमापनाच्या बाजूने भक्कम मांडणी केली, आणि जगभरच्या धोरणांत हा शब्द शिरला.

मुंबईत त्याच सुमारास, धोरणाची वाट न पाहता, वस्त्यांमध्ये एक वेगळं काम चाललं होतं. माधव चव्हाण आणि फरिदा लांबे यांनी १९९५ च्या आसपास उभी केलेली 'प्रथम' ही संस्था महापालिका शाळांत बालसखी पाठवू लागली. बालसखी म्हणजे वस्तीतलीच, शाळा पूर्ण केलेली तरुणी, तुटपुंज्या मानधनावर. तिसरी-चौथीत पोचूनही अक्षरओळख नसलेली पंधरा-वीस मुलं ती रोज दोन तास वर्गाबाहेर घेऊन बसे. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोद्यात या कामाची शास्त्रशुद्ध पाहणी झाली. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो त्यात होते. (बॅनर्जींचा जन्म मुंबईचा आणि आई पाटणकरांची, हे २०१९ च्या नोबेलनंतर आपल्या वर्तमानपत्रांनी पुरेसं सांगितलंच.) मुलांची प्रगती झाली, आणि ती मुख्यतः बालसखीपाशी बसलेल्या मुलांची. ही मुलं उठून गेल्यावर वर्गात गर्दी कमी झाली, तरी मागे राहिलेल्यांना त्याचा फारसा फायदा दिसला नाही.

संस्थेचं चाचणीचं साधन बघण्यासारखं आहे. एका कागदावर सुटी अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मुलाजवळ बसून वाचायला लावायचं, दोन-तीन मिनिटांत काम होतं. जिथे मूल अडलं, तो त्याचा गट, आणि शिकवणं तिथूनच. पुढे 'असर'च्या देशव्यापी पाहणीत हाच कागद वापरला गेला आणि त्याचे आकडे मथळ्यांत आले. वर्गात मात्र तो कुणाला कुठे बसवायचं एवढंच सांगायचा. इयत्ता बाजूला ठेवून पातळी बघणं, हे पंतोजींच्या ओसरीपासून फार लांब नाही.

सरकारी पातळीवर मोठं वळण आलं ते शिक्षण हक्क कायद्याने. कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात पहिली ते आठवी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. कागदावर तो निर्णय उत्तम होता, असं मी आजही म्हणेन. पहिली-दुसरीला आकारिकला ७० टक्के, संकलितला ३०. वर जाता जाता हे प्रमाण उलटत सातवी-आठवीला ४० आणि ६०. साधनं आठ : दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर. पुस्तक उघडून लिहायची चाचणी, मुलाने स्वतःचं किंवा सोबत्याचं केलेलं मूल्यमापन, सगळं त्यात बसत होतं.

मग वर्णनात्मक नोंदी आल्या. प्रत्येक मुलाची विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक असे रकाने भरायचे. विषय आठ, मुलं चाळीस. पहिल्या सत्राअखेर जे व्हायचं तेच झालं. 'वर्णनात्मक नोंदी'ची तयार पुस्तकं बाजारात आली, मग पीडीएफ, मग व्हॉट्सअ‍ॅपवर विषयवार याद्या. 'स्पष्ट उच्चारात कविता म्हणतो', 'गटात सहकार्य करतो', 'स्वतःहून प्रश्न विचारतो'. घाटकोपरच्या मुलाची नोंद आणि गडचिरोलीच्या मुलाची नोंद अक्षरशः एकच. शिक्षकांना दोष देणं सोपं आहे. पण ती नोंद वाचणार कोण होतं? तपासणीला येणारे अधिकारी, तेही रकाना भरला आहे की नाही एवढंच बघणार. जे वाचलंच जाणार नाही, ते मन लावून कोण लिहील?

वरच्या वर्गांत गुणांचं वेगळंच नाटक झालं. दहावीच्या भाषा आणि सामाजिक शास्त्रांत शाळेच्या हाती तोंडी परीक्षा वगैरेंचे २० गुण होते आणि शाळा ते उदारपणे वाटत. मंडळाने २०१९ च्या परीक्षेला ते बंद केले. राज्याचा निकाल ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला. अकरावीच्या प्रवेशात सीबीएसई, आयसीएसईची मुलं पुढे जाणार म्हणून मुंबईतल्या पालकांत गदारोळ झाला, गुण परत आले, आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. २०२१ मध्ये कोविडमुळे परीक्षाच झाली नाही, नववी-दहावीच्या शाळेतल्या गुणांवर निकाल लावला : ९९.९५. तोंडी परीक्षेत मुलांना काय येत होतं, याची या सगळ्या वादात कुणी चौकशी केल्याचं स्मरत नाही. कोठारी आयोगाच्या त्या किरकोळ शिफारशीची आठवण इथे होते.

सध्या चक्र दोन्ही दिशांना फिरतंय. डिसेंबर २०२३ च्या निर्णयाने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परतली, नापास झाल्यास पुनर्परीक्षा, त्यातही जमलं नाही तर त्याच वर्गात. दुसरीकडे नव्या शैक्षणिक धोरणातलं समग्र प्रगतीपत्रक मुलाला स्वतःबद्दल आणि सोबत्याबद्दल लिहायला सांगतं. मध्ये सरकारच्या नियतकालिक चाचण्या आहेत. त्यांचे पेपर शिक्षकच तपासतात आणि प्रश्ननिहाय कोण कुठे चुकलं हे त्यांना त्याच संध्याकाळी कळलेलं असतं. पुढचे दिवस ते गुण सरकारी चॅटबॉटवर चढवण्यात जातात, आणि तोवर वर्गात पुढचा धडा सुरू झालेला असतो.