राखीव बँडविड्थ रिकामी का पडत नाही

इंदूरच्या एबी रोडवर २०१३ मध्ये आयबस या शहर बससेवेसाठी मधोमध रेलिंग लावून वेगळी लेन काढली, निरंजनपूरपासून राजीव गांधी चौराह्यापर्यंत. रेलिंगबाहेर खोळंबलेल्याला ती मोकळी पडलेली दिसे, आणि राग तिथेच साचत गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने ती काढायला हिरवा कंदील दाखवला. ‘बँडविड्थ’, म्हणजे नेटच्या लाइनची क्षमता, ‘राखून ठेवली’ म्हटलं की इथल्या माणसाच्या डोळ्यांपुढे ती रिकामी लेनच येते.

जुन्या फोनच्या बाबतीत ते खरंही होतं. डिजिटल एक्स्चेंज प्रत्येक कॉलला सेकंदाला ६४ किलोबिट बांधून देई. दोघं गप्प राहिले तरी ती जागा तिसऱ्याला मिळत नसे. इंटरनेटने ही पद्धत सोडली आणि सगळ्या पॅकेटांना, म्हणजे डेटाच्या तुकड्यांना, एका रांगेत उभं केलं. मेलला, फायलीला ते चालतं. बोलण्याला नाही. आवाज पलीकडे पोचायला १५० मिलिसेकंदांहून बराच जास्त वेळ लागू लागला की माणसं एकमेकांचं बोलणं तोडतात.

म्हणून १९९७ मध्ये आरएसव्हीपी हा जागा राखण्याचा नियमसंच आला. कॉलआधी वाटेतल्या प्रत्येक राउटरकडे, म्हणजे पॅकेटं पुढे धाडणाऱ्या यंत्राकडे, जागा मागायची. बसच्या लेनशी साम्य इथे संपतं, आणि हे नीट समजून घ्यायला हवं: राखलेली जागा त्या क्षणी वापरात नसेल तर राउटर ती इतरांना देऊन टाकतो. विंडोज एक्सपी २० टक्के नेट स्वतःकडे दाबून ठेवते, ही अफवा याच गैरसमजावर पोसली. ते २० टक्के म्हणजे प्रोग्रामांना जास्तीत जास्त किती मागता येईल, एवढंच. कुणी मागितलंच नाही तर पूर्ण लाइन सगळ्यांची.

आरएसव्हीपी अडला तो वेगळ्याच कारणाने. मोठ्या राउटरमधून एका वेळी लाखो प्रवाह जातात. प्रत्येकाची नोंद कोण ठेवणार? १९९८ च्या डिफसर्व या पद्धतीने नोंदच काढून टाकली. पॅकेटच्या हेडरमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या पत्त्याच्या भागात, एक आकडा, आवाजासाठी सहसा ४६, आणि राउटर तो बघून रांग ठरवतो. १९८१ पासून आयपीत, म्हणजे इंटरनेटच्या मूळ नियमांत, यासाठी एक बाइट ठेवलेला होताच.

मात्र हा आकडा चालतो आपल्या हद्दीपुरता. पुढच्या नेटवर्कने तो मानावा असं बंधन नाही, बरेचदा तो पुसलाच जातो. त्यामुळे रात्री पुण्याच्या लेकीशी व्हिडिओ कॉल तुटत असेल, तर आधी घरचा राउटर बघा. फोटोंचा बॅकअप वर चढताना कॉलची पॅकेटं त्याच्या मागे अडकतात, आणि ती रांग आपल्या ताब्यात असते.