आजच्या काळातला व्हॅम्पायर पिक्चर

रक्त पिणारा मेलेला माणूस किल्ल्यात काळा झगा घालून न बसता मोबाईल, मोटरसायकल अन् लाईटबिलाच्या जगात आपल्या शेजारी राहतो, अशा भयपटाला आजच्या काळातला व्हॅम्पायर पिक्चर म्हणतात. मराठीत ह्याला नेमका शब्द नाही. आपल्याकडं वेताळ, मुंजा, हडळ, खवीस सगळे आहेत, पण रक्तावरच जगणारा अन् चावून दुसऱ्यालाही आपल्यासारखं करणारा कोणी नाही, म्हणून लोक सरळ ड्रॅक्युलाच म्हणतात.

ते नाव ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या कादंबरीतलं. त्यातला ड्रॅक्युला दिवसासुद्धा फिरतो, फक्त ताकद कमी होते. उन्हानं मरायचं आलं ते १९२२ च्या 'नोस्फेराटू' ह्या जर्मन मूकपटातून, जो कादंबरीची परवानगी न घेता काढला होता, स्टोकरच्या बायकोनं केस केली अन् कोर्टानं सगळ्या प्रिंट नष्ट करायला लावल्या, तरी काही वाचल्या म्हणून आज बघायला मिळतो. १९५८ ला ड्रॅक्युला झालेल्या ख्रिस्तोफर लीच्या रंगीत पिक्चरमधे सुळे अन् लालभडक रक्त आलं, हिंदीत रामसे बंधूंनी १९९० ला 'बंद दरवाजा' केला. दिग्दर्शक कॅथरीन बिगेलोच्या १९८७ च्या 'निअर डार्क'मधे मात्र ही मंडळी काचा झाकलेल्या गाडीतून अमेरिकेतल्या शेतीच्या मुलखात फिरतात अन् अख्ख्या पिक्चरमधे व्हॅम्पायर हा शब्द एकदाही येत नाही. मराठवाड्यात कोणाला असा पिक्चर करायचा असेल तर त्यानं आधी हाच बघावा.

कारण आपल्याकडं पहिलं बोट गढीकडं जातं. पांढऱ्या मातीची गढी, ढासळलेला बुरूज, आत उगवलेल्या बाभळी, दिसायला लई भारी, पण तो परत जुन्या पिक्चरमधला किल्लाच झाला. आपली खरी भीती रानात आहे. शेतीची थ्री फेज लाईट रात्रपाळीला आली की माणूस एकटा बॅटरी घेऊन दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला जातो, चिखलात उभा राहतो, बांधावर कोण आलं ते चेहऱ्यावर उजेड मारल्याशिवाय कळत नाही. अन् दिवाळीच्या आसपास बीडकडची गावंच्या गावं ऊसतोडीला निघून जातात, मागं म्हातारी माणसं अन् काही लेकरं. अशा गावात एखादं माणूस दिसेनासं झालं तर लोक म्हणणार, गेलं असंल कारखान्यावर. ह्याच्याएवढी तयार जागा व्हॅम्पायरला कुठं मिळणार?

व्हॅम्पायरचा एक नियम इथं फार चांगला बसतो. घरातल्यानं बोलावल्याशिवाय त्याला आत येता येत नाही. आपल्याकडं उंबऱ्याला हळदकुंकू लावतात, त्यामुळं उंबऱ्याचं महत्त्व प्रेक्षकाला समजवावं लागत नाही, पण दारात आलेल्याला "या की आत, बसा" म्हणल्याशिवाय कोणाच्या जिवाला बरं वाटत नाही. तो पाहुणा उंबऱ्याबाहेर चप्पल काढून नुसता उभा आहे, आत आजी चहाची कपबशी घेऊन येतेय, एवढा एक शॉट नीट घेतला तरी थेटरात श्वास अडकंल. व्हॅम्पायर लसणाला घाबरतो हा नियम मात्र सोडून द्यावा, लसणाची चटणी नसलेलं घर इथं शोधून सापडणार नाही.

आता बनवायचं कसं. रक्तासाठी साखरेचा घट्ट पाक, खायचा लाल रंग, थोडी कोको पावडर, अन् निळ्या रंगाचा एखादा थेंब, नाहीतर ते सरबतासारखं दिसतं. आम्ही शॉर्टफिल्मला हेच केलं, ज्याच्या मानेला लावलं तो पोरगा मेल्यासारखा बांधावर पडलेला अन् दहा मिनटात मुंग्या कॉलरच्या आत, तरी हलला नाही बिचारा. सुळे दातांचं माप घेऊन ॲक्रिलिकचे करून घ्यावेत, बाजारातले ढिले बसतात. अन् घातल्यावर स, फ नीट उच्चारता येत नाही म्हणून दोन दिवस आधीच डायलॉग म्हणून घ्यावेत. रात्रीचा सीन दिवसाच घ्यायचा असंल तर ऊन पात्राच्या पाठीमागून घ्यायचं, एक्सपोजर, म्हणजे कॅमेऱ्यात येणारा उजेड, कमी करायचं, रंग निळ्याकडं न्यायचा अन् फ्रेममधे आभाळ येऊ द्यायचं नाही.

वटवाघळं दाखवायची असली तर देवगिरी किल्ल्याच्या अंधारीत, म्हणजे तिथल्या काळोख्या भुयारी वाटेत, भरपूर आहेत, पण तिथं शूटिंगला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. रक्त पिणारं वटवाघूळ मात्र भारतात नाहीच, ते मेक्सिको ते दक्षिण अमेरिका ह्याच पट्ट्यात. आपल्या चिंचेवर लटकणारं मोठं वटवाघूळ फळं खातं, त्याला उगाच बदनाम करू नये.

आवाज सगळ्यात शेवटी करतात, खरंतर आधी ठरवावा. रात्रीच्या रानात मोटारीची घरघर सतत असते, कानाला तिची इतकी सवय होते की ती ऐकूच येत नाही. लाईट जाते, मोटार बंद पडते, पाटाचं पाणी हळूहळू थांबतं. तिथं संगीत टाकू नये.